बोटाला कळलं पाहिजे

पावणे गावच्या एमआयडीसीत, पहिल्या मजल्यावरच्या एका गाळ्याच्या दारावर खडूने लिहिलेली पाटी होती : ‘तारीख विचारू नये.’ खाली, कुणाच्या मनात शंका राहू नये म्हणून, ‘विचारल्यास काम परत.’ धंदा करणाऱ्या माणसाने गिऱ्हाइकाला दारातच असा दम दिलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. नवी मुंबईत फ्लॅटचा ताबा सोडला तर बाकी सगळं तारखेवर मिळतं, आणि मिळालं नाही तर माणसं लगेच भांडायला उभी राहतात. या गाळ्यातल्या काकांशीही भांडायची. काका भांडायचे नाहीत. ते सरळ त्या माणसाचं काम पिशवीत भरून त्याच्या हातात द्यायचे.

हे काम म्हणजे जाकिटं धुणं. साधी नाहीत, पिसांची. बर्फात जाणारे लोक घालतात ती, आडव्या शिलाईच्या कप्प्यांची, आत बदकाच्या पोटाखालची मऊ लव भरलेली. पंखा दोनवरून एकवर आणला की थंडी पडली असं म्हणणाऱ्या आमच्या गावात एक माणूस नुसती बर्फातली जाकिटं धुऊन पोट भरतो, हे ऐकून लोक हसायचे. मीही हसले होते. पण कॅनडाला निघालेले सॉफ्टवेअरवाले, परदेशी शिकायला जाणारी मुलं, हिमालयात ट्रेकला जाणारी मंडळी, सगळ्यांची जाकिटं शेवटी फिरून काकांकडेच यायची. कारण ही जाकिटं धुता येतात असं सगळ्यांनाच वाटतं आणि ती फार थोड्यांना येतात.

मी तेव्हा वाशीला एका छोट्या कंपनीत होते. आम्ही लोकांना हिवाळ्यात बर्फाच्या ट्रेकला न्यायचो. म्हणजे कंपनी न्यायची. मी ऑफिसात बसून फोन घ्यायचे, फॉर्म भरून घ्यायचे आणि जाकिटं सांभाळायचे. ती आम्ही लोकांना वापरायला द्यायचो आणि बॅच परत आली की धुवायला टाकायचो. पहिल्या वर्षी ती कोपऱ्यावरच्या लाँड्रीत टाकली. त्याने ती इमानेइतबारे पिळली, गच्चीवर कडक उन्हात घातली आणि वरून इस्त्रीही फिरवली. परत आली तेव्हा प्रत्येक कप्प्याच्या एका कोपऱ्यात गोळा होता आणि बाकी नुसतं कापड. कुणीतरी पावण्याच्या काकांचं नाव सांगितलं, म्हणून दोन पोती रिक्षात घालून मी गेले.

काकांनी पोत्यातून एक जाकीट काढून टेबलावर पसरलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

“हे कुनी केलं?” त्यांनी विचारलं.

“लाँड्रीवाल्याने.”

“आन् तुमी काय करत होता?”

मला रागच आला. मी पैसे देऊन काम करून घ्यायला आले होते, ओरडा खायला नाही. “कधी मिळतील?” असं मी तोऱ्यात विचारलं. काकांनी दाराकडे बोट दाखवलं. मी वळून पाटी वाचली आणि त्या दिवशी पहिल्यांदा गप्प बसले.

ती जाकिटं नऊ दिवसांनी झाली. एकेक कप्पा बोटांनी पिंजून, पुन्हा धुऊन, पुन्हा वाळवून. मी घ्यायला गेले तर टेबलावर जाकिटांचा ढीगच मावत नव्हता, इतकी ती फुगली होती. काकांनी एकावर तळहात दाबला, उचलला, आणि कापड हळूहळू वर आलं. “बगा, श्वास घेतंय,” म्हणाले. मग एवढं बोलल्याचा पश्चात्ताप झाल्यासारखे आत निघून गेले.

माणूस साताऱ्याकडचा. मुंबईत एका मोठ्या हॉटेलच्या धुलाई विभागात उमर गेलेली. ते हॉटेल बंद पडलं तेव्हा तिथलंच एक जुनं धुण्याचं आणि एक वाळवण्याचं मशीन घेऊन त्यांनी हा गाळा भाड्याने घेतला. अंगाने किरकोळ, बारा महिने हाफ शर्ट, आणि डोक्यावरचे केस कोरडे, ताठ उभे. केसांना तेल नाही याचं कारणही जाकिटंच. हाताला तेल लागलं की ते पिसांना लागतं आणि चिकटलेलं पीस फुगत नाही, म्हणून डोक्याला तेल बंद, वडापाव बंद, जेवण झालं की हात डाळीच्या पिठाने धुवायचे. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीलाही ते काकूंना तेल लावू द्यायचे नाहीत. “अख्ख्या तळवलीत बिनतेलाची दिवाळी एक आमचीच,” असं काकू मला सांगायच्या. तळवलीत त्यांची एक खोली होती आणि काकू अधूनमधून डबा घेऊन गाळ्यावर यायच्या. आल्या की मला बळेच बसवून अर्धी भाकरी खायला लावायच्या.

पावण्याच्या हवेला रोज निराळा वास असतो. कधी औषधाच्या गोळ्यांचा, कधी रंगाचा, कधी नाव घेववत नाही असा. काका सकाळी खिडकी बोटभर उघडायचे, नाक लावायचे आणि ठरवायचे. “आज गोळ्यांचा वास हाय. आज धुनं न्हाय.” मग दिवसभर खिडक्या बंद करून जुनी जाकिटं चाचपत बसायचे. पिसं वास धरतात, आणि बर्फात कुणाच्या नाकाशी पावणं जायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं असायचं.

धुणं त्यांच्या मते काहीच नव्हतं. कोमट पाणी, थोडासा खास साबण, आणि तो साबण पूर्ण जाईपर्यंत तीन-तीनदा खंगाळणं. ओलं जाकीट खांद्याला धरून उचलायचं नाही, कारण आतली भिजलेली पिसं वजनाने खाली ओढतात आणि कप्प्यांमधले कापडी पडदे फाटतात. खालून दोन्ही हात घालून उचलायचं, न्हाऊ घातलेल्या बाळासारखं. खरं काम पुढे. वाळवायच्या मशीनमध्ये अगदी मंद उष्णतेवर जाकीट आणि त्याच्याबरोबर मोज्यात बांधलेले जुने टेनिसचे चेंडू. चेंडू आपटत राहतात आणि पिसांचे गोळे फुटतात. दर अर्ध्या तासाने बाहेर काढून बोटांनी कप्पा न् कप्पा मोकळा करायचा, पुन्हा आत टाकायचं. चेंडू ते आसपासच्या सोसायट्यांत क्रिकेट खेळणाऱ्या पोरांकडून आणायचे. जुना चेंडू द्या, नवा घ्या. पोरांना हा माणूस वेडा वाटायचा आणि फारच आवडायचा.

मशीनमधून निघालं तरी झालं नाही. मग ते दिवाळे गावातून आणलेल्या, दहा वेळा धुतलेल्या मासळीच्या जाळ्यावर आडवं पसरायचं. आमच्या खाडीच्या दमट हवेत तिथे त्याचे दिवस मोजायचे. वरून जाकीट पहिल्याच दिवशी कोरडं लागतं. इथेच सगळे फसतात. “पानी दिसतं तिथं नसतं,” काका म्हणायचे, “लपतं तिथं आसतं. कॉलरीत, काखंत, पाठीच्या मधल्या कप्प्यात.” ते डोळे मिटून चिमटीत एकेक कप्पा धरायचे आणि बोटं अशी हळू फिरवायचे की बघणाऱ्याला वाटावं हा माणूस झोपला. एकदा मी शहाणपणा शिकवला, की काका, धुण्याआधी वजन करा, वाळल्यावर वजन करा, सारखं आलं की झालं. काकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. “काट्याला वजन कळतं. कुठल्या कप्प्यात पानी हाय ते कळतं का? बोटाला कळलं पाहिजे.”

झालेल्या जाकिटाला ते चेनपाशी एक सेफ्टी पिन लावायचे, तिला पांढऱ्या नाडीचा बोटभर तुकडा बांधलेला. ती पिन म्हणजे त्यांची सही. पिन लागली की ते जाकीट कुणालाही न्यायला मोकळं, आणि पिन नसली तर खुद्द मालकालाही नाही. पाम बीच रोडवरचे एक साहेब एकदा संध्याकाळच्या विमानाने टोरांटोला निघाले होते. जाकिटाला पिन नव्हती. साहेबांनी आवाज चढवला, फोटो काढला, नेटवर वाट्टेल ते लिहीन म्हणाले. काका गाळ्याला कुलूप लावून खाली चहाला निघून गेले. साहेब अर्धा तास कुलपाशी बोलत होते. तीन दिवसांनी काकांनी ते जाकीट आपण होऊन साहेबांच्या मेव्हण्याकडे पोचवलं. कॅनडातून धन्यवादाचा निरोप आला, तो काकांनी अर्धाच वाचला आणि ठेवून दिला.

या माणसाने आयुष्यात बर्फ पाहिला नव्हता. महाबळेश्वरच्या पलीकडची थंडी त्यांना ठाऊक नव्हती. पण आमची बॅच परत आली की त्या दिवशी त्यांचा फोन हटकून यायचा. एकच प्रश्न असायचा, “कुनाला थंडी वाजली का?” मी “नाही काका, सगळे मजेत” म्हणायचे. “बरं.” फोन बंद. डोंगर कसा होता, काय दिसलं, यातलं त्यांना काही नको असायचं. आमच्या ऑफिसात या फोनची नक्कल करून आम्ही हसायचो. सर्वांत चांगली नक्कल माझी असायची.

मला त्यांनी का शिकवलं कोण जाणे. कदाचित मी पुन्हा कधी तारीख विचारली नाही म्हणून. ओढणीने माझे डोळे बांधायचे, पुढे जाकीट ठेवायचे, “शोध.” पहिले कित्येक महिने मला सगळे कप्पे सारखेच लागायचे. मग एके दिवशी कॉलरच्या शिवणीखाली वाटाण्याएवढं काहीतरी लागलं, थोडं थंड, थोडं जड. मी “इथे” म्हटलं. काकांनी ओढणी सोडली. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, पण खाली चहावाल्याला सांगून आले, “हिच्या बोटाला कळतं.” पुढे आठवडाभर ते ज्याला त्याला हेच सांगत होते. त्या तीन शब्दांनी माझ्या डोक्यात हवा गेली. हे मी आज कबूल करते.

एकच भीती होती त्या माणसाला. त्यांच्या थोरल्या भावाच्या पायाची संवेदना साखरेच्या आजाराने गेली होती. चुलीतला निखारा पायाला लागला तरी त्याला कळलं नव्हतं. काकांनाही साखर निघाली तेव्हा त्यांना डोळ्यांची नाही, किडनीची नाही, बोटांची धास्ती बसली. रोज सकाळी ताटलीत खसखस आणि राजगिरा मिसळून ते डोळे मिटून वेगळं करायचे. “काय हो हे?” मी विचारलं तर म्हणाले, “हजेरी घेतो बोटांची.” मला गंमत वाटायची.

त्या डिसेंबरातली गोष्ट. आमची अठरा जणांची बॅच दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होती. त्यात नेरूळचे एक बँकेतले साहेब होते, चांगले आडव्या अंगाचे, पहिल्यांदाच बर्फात निघालेले. त्यांच्या मापाचं जाकीट आमच्याकडे एकच होतं, सगळ्यात मोठं, आणि ते आदल्या बॅचकडून उशिरा परत येऊन काकांच्या जाळ्यावर पडलं होतं. काकांना सकाळी महापालिकेच्या दवाखान्यात साखर तपासायला जायचं होतं. त्यांनी मला फोन केला. “चावी खाली च्यावाल्याकडं ठिवलीया. सकाळी घाईत समद्यांवरनं हात फिरवलाय. ज्येला पिन हाय ते घे.”

मी गेले. सतरा जणांच्या मापाची जाकिटं पिना लावून तयार होती. आणखी एक लहान मापाचं जादाचं होतं, त्यालाही पिन होती. मोठ्या जाकिटाला पिन नव्हती. ते जाळ्यावर पसरलेलं होतं.

ऑफिसातून आमच्या कंपनीच्या सरांचा फोन. “झालं का? सगळी अठरा ना? बघ, यावेळी टेन्शन नको मला. हे नीट झालं तर मार्चपासून तुला लीडर म्हणून बॅचबरोबर पाठवतो.”

मी डोळे मिटले आणि मोठं जाकीट चिमटीने चाचपलं. कॉलर, काखा, बाह्या, पाठ. मला कुठेच काही लागलं नाही. काकांनी घाईत पिन लावायची राहिली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. माझ्या बोटाला कळतं, असं खुद्द त्यांनीच सांगितलंय, हेही सांगितलं. मग मी लहान जाकिटाची पिन काढून मोठ्याला लावली, लहान जाळ्यावर पसरलं, कुलूप लावलं आणि चावी चहावाल्याला दिली. मला हे सगळं करायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

संध्याकाळी काकांचा फोन आला. “पोरी, मोठं न्हेलंस?”

“हो.”

“पिन होती त्येला?”

इथे खरं बोलले असते तर काका ओरडले असते. फार तर महिनाभर बोलले नसते. जाकीटही बॅच निघायच्या आत परत आणता आलं असतं. मी म्हटलं, “होती.”

“आसं?” ते थांबले. “मला वाटतंय मी ल्हान्याला लावली हुती. ल्हानं तर हितं बिनपिनेचं पडलंय.”

“घाईत उलटं झालं असेल, काका. मी मोठं हात लावून पाहिलं. कोरडं होतं.”

 मग “आसंल,” एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यांनी स्वतःच्या आठवणीपेक्षा माझ्या शब्दावर जास्त भरवसा ठेवला, आणि त्या वेळी मला फक्त सुटल्यासारखं वाटलं.

बॅच परत आली त्या दिवशी त्यांचा नेहमीचा फोन. “कुनाला थंडी वाजली का?”

मला सगळं समजलं होतं. पाठीच्या मधल्या कप्प्यांत पाणी राहिलं होतं. वरच्या कॅम्पवर ती पिसं गोळा होऊन बसली आणि नेरूळच्या साहेबांची पाठ उघडीच पडल्यासारखी झाली. त्यांची थरथर थांबेना, म्हणून त्यांना खाली आणावं लागलं. ते बरे झाले. घरी येऊन त्यांनी दोन पानांची तक्रार लिहिली.

“एकाला,” मी म्हटलं. “मोठ्या जाकिटाला.”

काकांनी “बरं” म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर ते जाकीट घेऊन पावण्याला गेले. मी बरोबर होते. सरांनी जाकीट टेबलावर टाकलं, कात्रीने पाठीची शिवण उसवली आणि आतून एक गोळा काढला, मुठीएवढा, वाळून कडक झालेला, कुबट वासाचा. “हे तुमचं काम? माणूस मेला असता काका.”

काकांनी गोळा चिमटीत घेतला. मग डोळे मिटून बाकीचे कप्पे चाचपले. आणखी एक सापडला, आणखी एक. “आता लागतंय,” ते स्वतःशीच म्हणाले. “तवा का लागलं न्हाय?”

“मीही पाहिलं होतं...” मी सुरुवात केली.

“तू अजून शिकतीयास,” त्यांनी मला अडवलं. मला वाचवायला. “पिन माझी हाय. चूक माझी.”

मी दोन हात अंतरावर उभी होते. पिन मी लावली, एवढं एक वाक्य पुरलं असतं. सर मला कामावरून काढतील, मार्चची बॅच जाईल, या हिशेबात मी ते वाक्य गिळलं. पुढे पुष्कळदा मी मनाशी घोकलं, की तेव्हा मी घाबरले होते, बोलायचं सुचलं नाही. पण ते खरं नाही. मला सुचलं होतं.

मार्चमध्ये मी लीडर म्हणून गेले. दुसऱ्या कुठल्यातरी धुलाईतून तारखेवर आलेलं जाकीट घालून मी पहिल्यांदा बर्फ पाहिला. बर्फ सुंदर होता, हेही सांगायलाच हवं. परत आल्यावर मी दिवसभर फोनकडे बघत राहिले. थंडी वाजली का, असं कुणीही विचारलं नाही.

त्याच आठवड्यात मी पावण्याला गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण गाळ्यात प्लास्टिकच्या खोक्यांचं काम सुरू झालं होतं. चहावाल्याने सांगितलं, आमच्या सरांनी काम काढून घेण्याची काकांनी वाटसुद्धा पाहिली नाही. कॅनडावाल्यांची, विद्यार्थ्यांची, सगळ्यांची जाकिटं न धुता घरोघर परत केली. विचारणाऱ्याला सांगायचे, “आपल्याला आता कळत न्हाय.” मशीनं भंगारात गेली. मी तिथूनच परत फिरले. तळवली तिथून रिक्षाने फार तर पंधरा मिनिटं. मी गेले नाही. आधी लाज म्हणून गेले नाही, मग उशीर झाला म्हणून गेले नाही, आणि मग उशीर झाल्याची लाज म्हणून. अशी चार वर्षं गेली. मी ती नोकरी सोडली. आता जासईजवळ एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात बसते. बर्फाचा आणि माझा काही संबंध उरलेला नाही.

गेल्या महिन्यात घणसोलीच्या भाजी बाजारात काकू दिसल्या. मी तोंड फिरवणार होते, पण त्यांनीच हाक मारली. “अगं पोरी, किती वाळलीस. घरला ये की.” काका कसे आहेत, असं विचारावंच लागलं.

काकू गवार निवडत होत्या. “हायेत. बसून आसत्यात. काय इचारू नको बाई. दोरीवरचा टावेल वाळला का, तेबी मला हात लावून बघाया लावत्यात. शर्टाचं बटन लागलं का, कुकराचं झाकन तापलंय का. म्हनत्यात, माझ्या बोटाचं काय खरं न्हाय. डाक्टरनं टाचनी टोचून बघितली, म्हनला बोटं चांगली हायेत. तर ह्यांचं आपलं, टाचनी तर म्हशीलाबी कळती.”

त्या हसल्या.  मी आजवर समजत होते की मी काकांचा धंदा घालवला. धंदा दुसरा मिळतो. मी त्यांची बोटं घेतली होती.

रविवारी तळवलीला गेले. काका खोलीच्या दाराशी खुर्चीवर बसले होते. केसांना तेल लावलेलं, चापूनचोपून बसवलेलं.  त्यांनी मला ओळखलं, आनंदले, स्टूल पुढे केलं. मी बसले नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मोठ्या जाकिटाला पिन नव्हती. लहानाची काढून मी लावली. तुम्हाला बरोबर आठवत होतं. फोनवर मी खोटं बोलले. सर कात्री चालवत होते तेव्हाही गप्प राहिले. तुमची बोटं त्या दिवशी चुकली नव्हती काका, ती कधीच चुकली नव्हती.

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग मान हलवून थोडं हसले.

“ही भाजी बाजारात भेटली व्हय तुला? हिनं रडगानं गायलं आसंल.”

“काका, मी खरं सांगतेय.”

“तू कशाला पिन काढशील?” त्यांनी माझा हात हातात घेतला. “तुला मी शिकवलंय. बिनपिनेच्या जाकिटाला तू हात लावशील व्हय? तू आन् माज्याशी खोटं बोलशील?”

“लावला. बोलले. शपथ घेऊन सांगते.”

“आसल्या गोष्टीपायी शपथा घिऊ न्हाईत.” त्यांनी माझा हात थोपटला. “वय झालं की बोटं जात्यात. त्येचं काय एवढं. तू मनाला लावून घिऊ नकोस.” आणि आत वळून हाक दिली, “अगं, आयकलंस का, च्या टाक. एवढ्या लांबनं पोरगी माजं मन राखाय आलीया.”

काकू आतल्या दारातच उभ्या होत्या. किती वेळ, मला माहीत नाही. त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि त्यांना ते खरं वाटलं होतं, हे मला त्यांच्या नजरेवरून कळलं. त्या आत गेल्या. स्टोव्ह पेटल्याचा, भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग त्या एकच कप घेऊन बाहेर आल्या, तो काकांच्या हातात दिला आणि माझ्याकडे न बघता पुन्हा आत गेल्या.

काकांनी कप माझ्यापुढे धरला. “घे पोरी, तू घे आधी. गारठलीयास बघ, हात कसा थंडगार पडलाय तुजा.”